मक्याचे पुडिंग

श्रोतेहो, ‘पुडिंग’ हा शब्द कानी पडला, की जेवण आटोपत आले आणि आता काहीतरी गोड पुढे येणार, अशी आपली समजूत होते. इंग्रजी अमदानीत हा शब्द आपल्याकडे आला आणि तो याच अर्थाने रुजला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः व्हर्जिनिया आणि केंटकी या राज्यांत, मात्र एक पुडिंग असे आहे, की ते जेवणाच्या शेवटाची वाट पाहत बसत नाही. नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी त्या देशात ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा कृतज्ञतेचा सण साजरा होतो. त्या दिवशी भाजलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसाबरोबर, उकडलेल्या बटाट्यांच्या आणि शेंगांच्या पंक्तीला, अनेक घरांत मक्याचे हे पुडिंग मांडलेले असते. ते किंचित गोड असते आणि खारटही असते. आपल्या भाषेत त्याला ‘तोंडीलावणे’ हाच शब्द शोभेल. आज या तोंडीलावण्याची कृती आणि त्या कृतीमागची कारणे आपल्याला सांगावी, असा विचार आहे.

प्रथम नावाची एक गंमत सांगतो. १७९६ साली अमेलिया सिमन्स या बाईंचे ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक हार्टफर्ड येथे छापले गेले. अमेरिकन लेखिकेने लिहिलेले आणि अमेरिकेतच प्रसिद्ध झालेले पाकशास्त्रावरील हे पहिले पुस्तक मानले जाते. त्यात ‘इंडियन पुडिंग’च्या कृती आहेत. हे ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे! कोलंबसाच्या चुकीमुळे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना ते नाव चिकटले, आणि त्यांच्या धान्याच्या, म्हणजे मक्याच्या, पिठाला गोरे वसाहतवाले ‘इंडियन पीठ’ म्हणू लागले. ते पुडिंग पिठाचे व काकवीचे. आपले आजचे पुडिंग कोवळ्या, ओल्या दाण्यांचे. परंतु दोहोंचा मूळ धनी एकच. चेरोकी, मस्कोगी इत्यादी जमातींत नवे कणीस तयार झाले, की आधी त्याचा उत्सव होई आणि मगच ते तोंडात घालावयाचे, असा दंडक असे. आपल्याकडील नवान्नाची आठवण व्हावी, अशीच ही चाल आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्या कणसाला युरोपातून आणलेल्या गाईचे दूध, लोणी आणि कोंबडीची अंडी यांची जोड दिली. मका तिथला आणि रीत युरोपची, असा हा संगम आहे.

आता कृतीकडे वळू. सहा माणसांसाठी पाच-सहा कोवळी कणसे घ्यावीत. दाण्यात नख रुतवले असता दुधासारखा चीक उडाला, तर कणीस योग्य समजावे. हुरड्याच्या कणसाची पारख ज्याला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको. कणीस झाडावरून तोडल्यानंतर त्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते आणि उष्ण हवेत ही क्रिया फार जलद होते. म्हणून सकाळी आणलेले कणीस सकाळीच वापरावे. कणीस परातीत उभे धरून धारदार सुरीने दाणे वरच्या अर्ध्या भागातच कापावेत आणि मग सुरीच्या बोथट बाजूने कणीस वरून खाली निपटून काढावे. दाण्यांच्या मुळाशी राहिलेला सगळा चीक परातीत उतरतो. हा चीक हेच या पदार्थाचे मर्म आहे. त्यात पिष्ट असते आणि ते पुडिंगला अंगचाच दाटपणा आणते. चिकासह हे दाणे दोन कप भरावेत. ताजी कणसे नसतील, तर गोठवलेले गोड मक्याचे दाणे चालतात. मात्र त्यांपैकी पाव भाग वाटून घ्यावा आणि दोन मोठे चमचे मैदा घालावा, म्हणजे चिकाची उणीव भरून निघते.

दुसऱ्या भांड्यात तीन अंडी फोडून, फेस न येईल अशा बेताने, फेटावीत. त्यांत दोन कप दूध घालावे. त्यांपैकी अर्धा कप साय असल्यास अधिक चांगले. दोन मोठे चमचे वितळलेले लोणी, एक मोठा चमचा साखर, एक लहान चमचा मीठ, थोडी मिरपूड आणि चिमूटभर जायफळ मिसळावे. यात मक्याचे दाणे व चीक घालून सर्व हलक्या हाताने ढवळावे आणि आतून लोणी लावलेल्या पसरट, उष्णता सोसणाऱ्या भांड्यात ओतावे. साखर एका चमच्याहून अधिक घालण्याचा मोह टाळावा. गोडी मक्याची लागावी, डब्यातल्या साखरेची लागू नये.

यापुढचा भाग धीराचा. हे भांडे एका मोठ्या थाळ्यात ठेवावे आणि भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत येईल इतके कढत पाणी त्या थाळ्यात ओतावे. मग ओव्हन सुमारे १७५ अंश सेल्सियसवर आधी तापवून त्यात ते सर्व पाऊण ते एक तास ठेवावे. पाणी कशासाठी, असे आपण विचाराल. अंड्यातील प्रथिने दुधाच्या संगतीत साधारणपणे ८० ते ८५ अंशांच्या दरम्यान बांधली जातात आणि दूध व चीक आपल्या जाळ्यात धरून ठेवतात. उष्णता त्याहून फार वाढली, तर ते जाळे आकसते, पाणी सुटते आणि पुडिंग फुटल्यासारखे होते. भोवतीचे पाणी १०० अंशांपलीकडे तापत नाही, म्हणून भांड्याच्या कडा करपत नाहीत व पुडिंग सारख्या गतीने शिजते. कडेपासून दोन बोटे आत सुरी खुपसली असता ती स्वच्छ बाहेर यावी. मध्यभाग मात्र भांडे हलवताच किंचित थरथरावा. तो घट्ट होईपर्यंत थांबू नये. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे ठेवले, की आतल्या उष्णतेने तोही बसतो. चांगले जमलेले पुडिंग चमच्याने काढले असता खरवसाची आठवण करून देते. फरक इतकाच, की येथे मधूनमधून दाणा दाताखाली येतो.

श्रोतेहो, येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. या पदार्थात दूध आणि अंडी आहेत, ती केवळ चवीसाठी का? त्याचे उत्तर स्वयंपाकघराबाहेर, एका करुण इतिहासात सापडते. मेक्सिकोपासून उत्तरेपर्यंत अनेक मूळ जमाती वाळलेला मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवीत असत. त्या क्रियेने मक्यात बद्ध असलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होऊन शरीराला मिळते. युरोपीयांनी मका नेला, पण ही रीत नेली नाही. १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार काझाल या वैद्याने मका खाणाऱ्या गरिबांत एका नव्या रोगाचे वर्णन केले. कातडी खरखरीत होई, पोट बिघडे, बुद्धी भ्रमिष्ट होई आणि शेवटी मृत्यू येई. पुढे इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी हाच रोग अमेरिकेच्या दक्षिणेत हजारोंचे बळी घेऊ लागला. लोक त्याला संसर्गजन्य समजत होते.

१९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांना या कामावर नेमले. त्यांनी पाहिले, की रोग गरिबांच्या घरी आहे आणि त्या घरांचे अन्न म्हणजे मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. मिसिसिपी राज्यातील अनाथालयांत मुलांच्या जेवणात दूध, अंडी व मांस वाढवताच रोग मावळला. १९१५ मध्ये त्यांनी मिसिसिपीच्या तुरुंगशेतीवर, शिक्षामाफीच्या अटीवर तयार झालेल्या ११ कैद्यांना मक्यावर आधारलेले निकस अन्न दिले, तेव्हा त्यांपैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. १९३७ साली कॉनराड एल्व्हेयम यांच्या प्रयोगांतून नायसिनचे महत्त्व सिद्ध झाले, आणि १९४५ च्या सुमारास आणखी एक गोष्ट उलगडली. दुधात आणि अंड्यांत ट्रिप्टोफॅन नावाचा प्रथिनांचा घटक भरपूर असतो, आणि शरीर त्यापासून स्वतःच नायसिन तयार करू शकते. मक्यात नेमका तोच अगदी थोडा असतो.

म्हणजे पाहा, एकाच प्रांतात, एकाच धान्याभोवती, दोन पाने मांडलेली होती. एका पानावर मक्याबरोबर दूध, लोणी आणि अंडी यांची संगत होती. दुसऱ्या पानावर मका एकटा होता. दोष मक्याचा नव्हता, त्याच्या एकाकीपणाचा होता. कणीस देणाऱ्यांचे ज्ञान मागे ठेवून केवळ कणीस उचलले, त्याची ही किंमत गरिबांनी मोजली.

ज्या घरी अंडी चालत नाहीत, तेथे हे पुडिंग त्याच रूपात होणार नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु इंदूरच्या श्रोत्यांना त्याची खंत वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या सराफ्यात मिळणारा भुट्ट्याचा कीस आठवावा. कोवळे कणीस किसणीवर किसावयाचे, तुपाच्या फोडणीत हिंग-मोहरी आणि हिरवी मिरची टाकून परतावयाचे, आणि मग त्यात दूध घालून मंद आचेवर आटवावयाचे. वर लिंबू, कोथिंबीर आणि खोबरे. तेथेही कणसाचा चीक वाया जाऊ द्यावयाचा नाही, आणि दूध हवेच. केंटकीतील आणि इंदुरातील गृहिणी एकमेकींना कधी भेटल्या नसतील, पण कणसाने दोघींना सारखाच धडा दिलेला दिसतो.

श्रावण-भाद्रपदात बाजारात कणसांचे ढीग लागतात. त्यांतली काही निखाऱ्यावर भाजून, मीठ-लिंबू चोळून खावीत, तो आनंद वेगळाच. पण चार-सहा कणसे बाजूला काढून एखाद्या रविवारी हे पुडिंग करून पाहावे. साध्या वरणभाताच्या पानातही ते परके वाटणार नाही. मात्र ते जेवणाअखेर वाढू नका. त्याची जागा भाताशेजारी, तोंडीलावण्यांच्या ओळीत आहे.