वेरावळचा द्विभाषिक शिलालेख

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वेरावळचे बंदर आणि सोमनाथाचे क्षेत्र ही एकमेकांस लागून आहेत. व्यापार, उद्योग व यात्रा यांचा तेथील संबंध किती जुना आहे, हे इ. स. १२६४ मधील एका दानलेखावरून स्पष्ट होते. हुर्मुझचा नौकास्वामी नूरुद्दीन फिरोझ याने सोमनाथ नगरात मशीद बांधली. तिच्या व्यवस्थेची नोंद संस्कृत व अरबी अशा दोन भाषांत झाली. महमूदाच्या स्वारीस तेव्हा सुमारे २४० वर्षे लोटली होती.

संस्कृत लेखात काळ चार प्रकारे दिला आहे : हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१. त्यात ईश्वरास ‘विश्वनाथ’ म्हटले असून पैगंबरास ‘बोधक’ असे विशेषण लाविले आहे. मशिदीस मात्र ‘मिजिगिति’ आणि जमातीस ‘जमाथ’ हेच शब्द योजिले आहेत. म्हणजे लेखकाने देवाच्या नावाचे भाषांतर केले, संस्थांच्या नावांचे केले नाही. याचे कारण व्यवहारात शोधावे लागते. उपासनेचा विषय परिचित शब्दांत सांगितल्याने तो शेजाऱ्यास जवळचा वाटतो. परंतु उत्पन्न कोणी घ्यावे व खर्च कोणी करावा, तेथे संदिग्धता चालत नाही. हे उत्पन्न दुकाने, तेलाची घाणी इत्यादींचे होते. शिल्लक मक्का व मदीना येथे पाठवावयाची होती. व्यवस्था पाहणाऱ्यांत नाविक, तेली व चुनेवाले यांच्या जमाथी होत्या.

अरबी लेख हे संस्कृताचे भाषांतर नव्हे. हे नगर इस्लामचे व्हावे व येथील मूर्ती नष्ट व्हाव्यात, अशी प्रार्थना त्यात आहे. संस्कृतात तिचा मागमूस नाही. केवळ संस्कृत लेख वाचणाऱ्यास निर्भेळ सलोखा दिसेल, केवळ अरबी वाचणाऱ्यास निर्भेळ वैर. दोन्ही निष्कर्ष अपुरे होत. मनात ती प्रार्थना बाळगणाऱ्या व्यापाऱ्यास त्याच नगरात जागा मिळाली आणि सोमनाथाचे पाशुपत आचार्य परवीरभद्र यांचे नाव त्याच्या दानलेखात आले, ही वस्तुस्थिती दोन्ही लेख शेजारी ठेवल्यावरच कळते.

मराठी वाचकास ही शब्दसृष्टी परकी नाही. कोकण किनाऱ्यावरील ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’चाच अवशेष होय आणि ‘जमात’ तर आपल्या नित्य वापरातील शब्द आहे. बंदरात माल उतरतो, तसे शब्दही उतरतात. त्यांच्या नोंदी मात्र दोन्ही वह्यांत पाहाव्या लागतात.