हळद, कर्क्युमिनची अनुरूप संयुगे आणि यकृताचा कर्करोग

यकृताच्या कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाचे नातेवाईक ‘हळदीच्या कॅप्सूल’ मागण्यास येतात, हा अनुभव आपल्या वैद्यबांधवांना व औषधविक्रेत्यांना नवा नाही. त्यांना काय सांगावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

हळदीत कर्क्युमिन शेकडा सुमारे दोन ते पाच असते. प्रयोगशाळेत ते कर्कपेशींवर परिणाम दाखविते. परंतु तोंडावाटे घेतल्यास रक्तात फारच अल्प पोहोचते. त्याच्या रेणूच्या मध्यभागी दोन कीटोन असलेला दुवा आहे. तो रक्ताच्या किंचित अल्कधर्मी माध्यमात टिकत नाही आणि उरलेल्याची वासलात आतडे व यकृत लावतात. म्हणून संशोधकांनी तो दुवाच पालटला. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात सिद्ध झालेल्या ‘ईएफ-२४’ या संयुगात त्या जागी एकाच कीटोनचे वलय असून टोकांच्या वलयांवर फ्लोरिन आहे.

हा कर्करोग पोर्टल शिरेत शिरतो, यकृतातच अन्यत्र पसरतो आणि पुढे फुप्फुसे व अस्थी गाठतो. त्यासाठी पेशीला शेजारणीची पकड सोडून सरकावे लागते. या कामी ‘सार्क’ नावाचे प्रथिन साहाय्य करते. ईएफ-२४ मुळे सार्कचे फॉस्फोरिलीकरण घटून यकृताच्या कर्कपेशींचे सरकणे व घुसणे मंदावल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र हे सारे काचपात्रातील पेशींवर! ईएफ-२४ ला औषध म्हणून मान्यता नाही. शिवाय ते हळदीतून काढलेले नसून रासायनिक रीतीने घडविलेले आहे. त्याच्या यशावर हळदीची कॅप्सूल विकणे आम्हांस अप्रामाणिक वाटते.

दुसरी बाब अधिक निकडीची आहे. २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यास मनुष्यात त्याचे शोषण सुमारे वीसपट होते, असे बंगलोर येथील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. तेव्हापासून मिऱ्याचे सत्त्व घातलेल्या कॅप्सूल बाजारात बोकाळल्या. २०२२ मध्ये अमेरिकेतून हळदयुक्त उत्पादनांनी यकृतास इजा झालेल्या दहा रुग्णांचा वृत्तान्त आला. त्यांतील एक दगावला. तपासलेल्या काही उत्पादनांत पिपरीन आढळले. स्वयंपाकातील हळदीशी याचा संबंध जोडू नये. पण आधीच क्षीण झालेल्या यकृतास ही जोडी देताना हात आखडता घेतलाच पाहिजे. पिपरीन सीवायपी३ए४ या विकरासही अडविते आणि सोराफेनिबचे विघटन काही अंशी त्याच विकराकडून होते.

दुकानदारांसाठी एवढेच, की १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचे नाव आहे. कर्करोग बरा होतो असा फलक लावू नये, आणि रुग्णाची चालू औषधे विचारल्याशिवाय कॅप्सूल हाती देऊ नये.