स्क्रिप्टने नेटवर्क बदलताय? आधी परतीची वाट ठेवा

आज लिनक्सबद्दल बोलू. एका सर्व्हरचा आयपी हाताने बदलणं सोपं आहे. पण चाळीस सर्व्हर असतील तर? स्क्रिप्ट लागणारच. गोची अशी की नेटवर्कची फाइल चुकली तर एसएसएच तुटतं, आणि दुरुस्तीसाठी आत जायची वाटच बंद होते. बसलोय तीच फांदी तोडायची, असा प्रकार!

उबुंटूचं उदाहरण घेऊ. 17.10 आवृत्तीपासून तिथे नेटप्लॅन आहे. सेटिंग्ज यामल फाइलींत असतात. यामलमध्ये ओळीआधी किती स्पेस सोडल्यात यावरून अर्थ ठरतो, आणि टॅब चालत नाही.

बरेच जण ‘सेड’ कमांडने ओळी बदलतात. पण सेडला फक्त अक्षरं दिसतात. दोन नेटवर्क कार्डं असतील तर कुठली ओळ कुणाची, हे त्याला कळत नाही. शिवाय ओळ जोडणारी स्क्रिप्ट दोनदा चालली, की ओळही दोनदा! म्हणून अख्खी फाइल टेम्प्लेटवरून लिहा. अॅन्सिबल हे काम छान करतं. स्क्रिप्ट एकदा चालवा नाहीतर दहादा, निकाल तोच. याला म्हणतात आयडेम्पोटंट.

आता तीन खाचाखोचा. एक, क्लाउड सर्व्हरवर क्लाउड-इनिट स्वतःची फाइल पुन्हा लिहू शकतं, त्यामुळे तुमचे बदल पुसले जातात. म्हणून 99 ने सुरू होणारी वेगळी फाइल करा. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, नंतरची वरचढ ठरते. दोन, आयपीची यादी मात्र बदलत नाही, तिच्यात भर पडते. म्हणजे जुना आयपीही तसाच राहतो! तीन, बॅकअप त्याच फोल्डरमध्ये यामल नावाने ठेवू नका. नेटप्लॅन तोही वाचतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हाताने करत असाल तर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. 120 सेकंदांत एंटर दाबलं नाही, तर जुनी सेटिंग्ज आपोआप परत येतात. स्क्रिप्टमध्ये एंटर दाबणार कोण? तिथे हीच युक्ती स्वतः करा: पाच मिनिटांनी जुनी फाइल परत आणून लागू करणारं काम आधी लावून ठेवा, मग बदल करा. बाहेरून नवं कनेक्शन जुळलं, तरच ते काम रद्द करा. आणि सुरुवात एकाच सर्व्हरपासून. तो नीट चालला की मग बाकीचे.

भेटू पुढच्या भागात!