ढाक्याचे नवाब घराणे

ब्रिटिश अमदानीतील पूर्व बंगालचे (विद्यमान बांगला देश) एक प्रसिद्ध मुस्लिम जमीनदार घराणे. ‘ख्वाजा’ हे त्याचे कुलनाम. मोगलांच्या वतीने ढाक्याचा कारभार पाहणाऱ्या नायब नाझिमांच्या घराण्याशी त्याचा संबंध नाही. नायब नाझिमांची परंपरा १८४३ मध्ये संपली. ख्वाजा घराण्याकडे राज्य कधीच नव्हते. ‘नवाब’ हा त्यास ब्रिटिशांनी दिलेला किताब होय.

घराण्याचे पूर्वज काश्मीरमधून व्यापारासाठी बंगालमध्ये आले आणि सिल्हेट व ढाका येथे स्थायिक झाले. मौलवी हफीजुल्ला याने मीठ व कातडी यांच्या व्यापारात धन मिळविले. १७९३ च्या कायमधारा पद्धतीनुसार ठरलेल्या मुदतीत सारा न भरणाऱ्या जमीनदाराच्या जमिनीचा लिलाव होई. अशा लिलावांमुळे व्यापाऱ्यांना जमीनदार होण्याची संधी मिळाली. हफीजुल्लाने १८१२ मध्ये बाकरगंज जिल्ह्यातील सुंदरबनच्या बाजूची सु. ४४,००० एकर जमीन २१,००१ रुपयांस घेतली. तिचा वार्षिक सारा अवघा ३७२ रुपयांच्या आसपास होता. जंगल तोडून लागवड वाढल्यावर १८७० नंतरच्या दशकात तिचे खंडाचे उत्पन्न दोन लाखांवर गेले. सारा कायमचा ठरलेला असल्याने वाढीव उत्पन्न जमीनदाराच्याच पदरी पडले.

त्याचा पुतण्या अलीमुल्ला (मृ. १८५४) याने १८३० मध्ये बुढीगंगेच्या काठची फ्रेंचांची वखार विकत घेतली. मुस्लिम वारसा कायद्याने इस्टेटीचे तुकडे होऊ नयेत, म्हणून त्याने १८४६ मध्ये वक्फनामा करून अब्दुल गनी या मुलास मुतवल्ली नेमले. व्यवस्था एका हाती राहावी व इतर नातेवाइकांना नेमणुका मिळाव्यात, अशी ही योजना होती. घराण्याच्या पुढील वैभवाचे व कलहाचेही मूळ तीत आहे.

अब्दुल गनीने (१८१३–९६) १८५७ च्या उठावात ब्रिटिशांना साहाय्य केले. त्यास १८७५ मध्ये नवाब हा किताब मिळाला व १८७७ मध्ये तो वंशपरंपरागत झाला. जुन्या वखारीच्या जागी त्याने बांधलेल्या प्रासादास पुत्राच्या नावावरून ‘अहसान मंझिल’ म्हणतात. ढाक्याचा पाणीपुरवठा (१८७८) त्याच्या देणगीतून सुरू झाला. पुत्र अहसानुल्ला (१८४६–१९०१) हा उर्दू कवी होता. त्याच्या सु. साडेचार लाखांच्या देणगीमुळे ७ डिसेंबर १९०१ रोजी ढाक्यात विजेचे दिवे लागले. त्याच महिन्यात तो मरण पावला.

सलीमुल्लाच्या (१८७१–१९१५) काळी नातेवाइकांचे दावे व कर्जे यांनी इस्टेट पोखरली आणि १९०७ मध्ये ती कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सच्या ताब्यात गेली. याच सुमारास त्याचा राजकीय प्रभाव शिगेस पोहोचला होता. १९०५ च्या बंगालच्या फाळणीचा त्याने पुरस्कार केला. त्याचा भाऊ अतीकुल्ला मात्र फाळणीविरोधी होता. ३० डिसेंबर १९०६ रोजी मुस्लिम लीगची स्थापना घराण्याच्या शाहबाग या उद्यानात झाली. १९११ मध्ये फाळणी रद्द झाल्याने त्यास मोठा धक्का बसला. तेव्हा मुस्लिम पुढाऱ्यांना जे विद्यापीठाचे आश्वासन मिळाले, त्यातून १९२१ मध्ये ढाका विद्यापीठ स्थापन झाले.

अहसानुल्लाचा दौहित्र ख्वाजा नझीमुद्दीन (१८९४–१९६४) हा बंगालचा मुख्यमंत्री (१९४३–४५), पाकिस्तानचा गव्हर्नर जनरल (१९४८–५१) व पंतप्रधान (१९५१–५३) झाला. घराण्यात उर्दूचे प्राबल्य असल्याने बंगाली भाषिक रयतेशी त्याचा दुरावा होता. नझीमुद्दीनने जानेवारी १९५२ मध्ये ढाक्यात उर्दूच राष्ट्रभाषा होईल, असे सांगितल्यावर तो उघड झाला आणि २१ फेब्रुवारी रोजी भाषा आंदोलकांवर गोळीबार झाला. त्याच वर्षी जमीनदारी निर्मूलन कायद्यान्वये घराण्याच्या खंडाच्या जमिनी सरकारजमा झाल्या. अहसान मंझिल १९८५ मध्ये शासनाने ताब्यात घेतली व १९९२ मध्ये तेथे संग्रहालय उघडण्यात आले.