रस्त्यासाठी मऊ, ट्रॅकसाठी कडक

रत्नागिरी-कोल्हापूर-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 166 सांगोल्यावरून जातो. त्यावर गाडी सुरळीत धावते. पण महामार्ग सोडून डाळिंबाच्या बागांकडे वळले, की खड्डे, गतिरोधक आणि मुरमाड वाट सुरू होते. आपल्या घरांतील काही हौशी तरुण गाडीला कडकपणा कमी-अधिक करता येणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवून घेतात. कधीतरी बंदिस्त ट्रॅकवर गाडी चालवण्याची त्यांची इच्छा असते. हौसेला हरकत नाही. मात्र तीच गाडी आई-वडिलांना पंढरपूरलाही नेते. म्हणून ही जुळवणी घरातील सर्वांनीच समजून घ्यावी.

गाडीचा भार स्प्रिंग पेलते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते आणि तिला आवर नसेल तर गाडी बराच वेळ हेलकावत राहते. तो आवर शॉक अ‍ॅब्सॉर्बर घालतो. त्याच्या नळीतील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून जाते आणि हेलकाव्याची ऊर्जा उष्णतेत जिरते. बटण फिरवले की तेलाची वाट अरुंद किंवा रुंद होते. कडकपणा बदलतो तो एवढ्यानेच.

डाळिंबाची पेटी भरणाऱ्याला हे सहज उमजेल. कागदाचे कात्रण कमी पडले तर फळे एकमेकांवर आपटतात. फार ठासून भरले तर दाबानेच डागाळतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर फार मऊ असेल तर गाडी वळणावर कलते आणि ब्रेक दाबताच नाक खाली घालते. फार कडक असेल तर चाक रस्त्याचा चढ-उतार पाळत नाही, ते उड्या मारते. उडालेल्या चाकाला ना वळता येते, ना थांबता येते. कडक गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज खडबडीत रस्त्यावर धोक्याचा ठरतो. तेथे ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर लागते.

स्प्रिंग दबून पुन्हा उलगडते, त्याला मेकॅनिक रिबाउंड म्हणतात. अनेक शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे बटण मुख्यतः यावरच चालते. रिबाउंड फार कडक ठेवले, तर ओळीने आलेल्या गतिरोधकपट्ट्यांवर चाकाला पुरते खाली येण्यास वेळ मिळत नाही. गाडी दर पट्टीला आणखी खाली बसत जाते.

ट्रॅकचे गणित वेगळे. तेथे पृष्ठभाग गुळगुळीत, वळणे वेगाची आणि ब्रेक जोराचे. म्हणून गाडीचे अंग आवरण्यासाठी कडकपणा वाढवावा लागतो. कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर गो-कार्ट धावतात. त्यांना स्प्रिंगही नसते आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरही नसतो. सपाट ट्रॅकवर सांगाड्याच्या लवचिकतेवरच भागते. तशी गाडी आपल्या बागेच्या वाटेवर चार पावलेही नीट चालणार नाही. एकाच वस्तूचे योग्य-अयोग्यपण अपेक्षेनुसार बदलते, हे अनेकांताचे सूत्र येथेही लागू पडते.

जुळवणीची रीत हिशेबाच्या वहीसारखी आहे. आधी उत्पादकाची पुस्तिका वाचावी. बटण जोर न लावता पूर्ण कडक टोकाला न्यावे आणि तेथून मागे येताना क्लिक मोजावेत. एका आसाच्या डाव्या-उजव्या चाकांचे आकडे सारखेच हवेत. मधल्या आकड्यापासून सुरुवात करून ओळखीच्या रस्त्यावर, नेहमीच्या भारासह गाडी चालवावी. एका वेळी एकच बदल, तोही एक-दोन क्लिकचा, आणि प्रत्येक बदलाची नोंद. ट्रॅकवर वळणात गाडीचे तोंड बाहेर सरकत असेल, तर पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर थोडे मऊ करून पाहावेत. पाऊस असेल तर चारही मऊ करावेत. तेल गळत असेल, तर कोणताही आकडा कामाचा नाही. तो भाग बदलावाच लागतो.

व्यवहाराच्याही दोन गोष्टी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत; म्हणून बसवण्यापूर्वी चौकशी करावी. खासगी मोटारीच्या विम्यात शर्यत व वेगचाचणी सामान्यतः वगळलेली असते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे तर गुन्हाच आहे.

सर्वांत महत्त्वाचा आकडा ट्रॅकवरून परतीचा. दिवस संपला, अंग थकले, की बटण पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर आणण्याचा कंटाळा येतो. पण परतीच्या रस्त्यावर आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या दिंड्या असतात आणि चातुर्मास वगळता वर्षभर पहाटेच्या अंधारात आपले साधू-साध्वी अनवाणी विहार करत असतात. पुढची भूमी पाहून, जीव जपून पाऊल टाकणे ही त्यांची ईर्यासमिती. आपल्यासारख्या श्रावकाचे पाऊल आता बहुधा चाकावर असते. ते चाक जमिनीला धरून राहील आणि वेळेवर थांबेल, एवढी काळजी घेणे आपल्या हातात आहे.