गाळ कसा बसतो आणि कसा वाळतो

बंगळूर शहर कोणत्याही मोठ्या नदीच्या काठी वसलेले नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीच्या या पठारावर पूर्वीच्या लोकांनी पावसाचे पाणी अडवून तलावांच्या माळा निर्माण केल्या. वरचा तलाव भरला की पाणी ओसंडून खालच्या तलावात जाई. सुमारे 900 एकरांचा बेल्लंदूर तलाव अशाच एका माळेत आहे. त्याचे पाणी वर्तूर तलावातून पुढे दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते. उन्हाळ्यात असे तलाव आटत, तळाचा गाळ भेगाळे आणि शेतकरी तो खत म्हणून शेतात नेत. पुढे शहराचे सांडपाणी बारमाही येऊ लागले आणि तलावाचा उन्हाळाच नाहीसा झाला. गाळ साचत राहिला, पण वाळेना. 2017 आणि 2018 साली या तलावात आगी लागल्या, तेव्हा त्याची दुरवस्था देशभर गाजली.

हा गाळ काढावयाचा तर तो किती काळात घट्ट होईल, याचा हिशेब आधी करावा लागतो. गढूळ पाणी काचेच्या बरणीत ठेवून पाहा. प्रथम कण खाली बसतात व वर नितळ पाणी उरते. नंतर तळाचा थर स्वतःच्याच भाराने हळूहळू दबू लागतो व कणांमधील पाणी पिळून बाहेर पडते. या दुसऱ्या क्रियेस दृढीकरण म्हणतात. तिचे गणित कार्ल टेर्झाघी यांनी 1925 साली मांडले. त्यातून एक महत्त्वाचा नियम मिळतो : थराची जाडी दुप्पट झाली, तर लागणारा काळ चौपट होतो.

परंतु टेर्झाघींच्या गणितात थराची जाडी फारशी बदलत नाही असे गृहीत धरले आहे. मऊ गाळ मात्र दबता दबता निम्म्याहूनही कमी होतो आणि तसतशी त्यातून पाणी झिरपण्याची वाटही अरुंद होत जाते. हे दोन्ही बदल गणितात सामावून घेणारा सिद्धांत गिब्सन, इंग्लंड आणि हसी यांनी 1967 साली प्रसिद्ध केला.

नुसत्या भाराने गाळ पुरेसा घट्ट होत नाही. उरलेले काम उन्हाने करावयाचे असते. आपण असे समजू या की, गाळात कोरड्या मातीच्या वजनाच्या तिप्पट पाणी आहे आणि ते मातीच्या निम्म्यावर आणावयाचे आहे. मातीचे कण पाण्याच्या 2.6 पट जड धरले, तर 1 मीटर जाडीचा थर आकसून सुमारे 26 सेंटीमीटर होईल. म्हणजे 74 सेंटीमीटर पाणी उडून जावे लागेल. रोज 5 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी यास सुमारे 150 दिवस लागतात. बंगळूरचा कोरडा काळ जेमतेम एवढाच असतो. हाच गाळ 30 सेंटीमीटरच्या थरात पसरला, तर दीड महिना पुरेल. मात्र जागा तिपटीहून अधिक लागेल.

शिवाय बाष्पीभवनाचा वेग अखेरपर्यंत टिकत नाही. पृष्ठभागावर कवच धरते आणि खालचे पाणी वर येण्यास विलंब लागतो. अशा वेळी डोळा फसतो. वरून भेगाळलेली, टणक दिसणारी जमीन पाहून कोणी पोकलेन आत घातला, तर कवच फुटून यंत्र खालच्या चिखलात रुतते. म्हणून भेगा पाहून नव्हे, तर निरनिराळ्या खोलीवरील नमुन्यांतील पाणी मोजून निर्णय घ्यावा लागतो. भेगांचा एक उपयोग मात्र आहे : त्यांतून हवा आत शिरते आणि चर खणून उतार दिल्यास पावसाचे पाणीही वाहून जाते.

बेल्लंदूर आणि वर्तूर येथे गाळ काढण्यापूर्वी येणारे सांडपाणी बाजूने वळवून तलाव रिकामे करावे लागले, ते याच कारणाने. कोणतेही प्रतिमान गाळाला वाळवीत नाही. किती जागा, किती दिवस आणि किती जाडी, एवढेच ते सांगते. पूर्वी जे काम उन्हाळा दरवर्षी फुकट करीत असे, ते आता माणसाला हिशेब करून आणि मोल देऊन करावे लागत आहे. सांडपाणी पुन्हा तलावात शिरले, तर हा हिशेबही पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल.