विश्लेषण : माथेरानचे जुने बंगले पाहायला जाताना नेमके काय पाहावे?

माथेरानला जाणारे बहुतेक पर्यटक पॉइंट पाहून परततात. वाटेत झाडीआड दिसणारे कौलारू बंगले तसेच मागे राहतात. इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि नंतर मुंबईतल्या धनिक कुटुंबांनी बांधलेल्या या घरांची गोष्ट सुरू होते ती खालापूर तालुक्यातून.

खालापूरचा संबंध काय?

मे १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम चौकला होता. गावच्या पाटलाला सोबत घेऊन ते वन ट्री हिलच्या बाजूने डोंगर चढले. माथ्यावर दाट रान होते. पुढे मॅलेट यांनी तेथे ‘बाइक’ नावाचे घर बांधले. कॅप्टन बार यांचे ‘बार हाऊस’ही याच सुरुवातीच्या काळातले. १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन चौकच्या वाटेनेच वर आले आणि त्यांनी एल्फिन्स्टन लॉजसाठी जागा निवडली. कुंभिवली-चौक भागातल्या वाचकांसाठी ही आपल्याच तालुक्यातल्या वाटेची गोष्ट आहे.

मग वर्दळ नेरळकडे का वळली?

नेरळ हे मुंबई-पुणे लोहमार्गावरचे स्थानक. आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळहून बांधलेली छोटी रेल्वे १९०७ मध्ये धावू लागली आणि चौकची पायवाट मागे पडली.

या घरांचे वैशिष्ट्य काय?

इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या घरांभोवती हिरवळ, बागा, मुद्दाम खोदलेली तळी असत. माथेरानात मात्र रान हेच आवार. जांभूळ, हिरडा, अंजनीच्या सावलीतून लाल मातीची वाट घरापर्यंत जाते. मुसळधार पावसासाठी उतरते छप्पर, ओलीपासून बचावासाठी उंच जोते आणि दिवसभर बसता येईल असा रुंद व्हरांडा, ही या बंगल्यांची ओळख. स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या बहुधा मागे, वेगळ्या असतात.

आत जाता येते का?

बहुतेक बंगले खासगी आहेत, तिकीट काढून पाहण्याची सोय नाही. ‘बाइक’ आणि ‘बार हाऊस’ यांसारख्या जुन्या जागा पुढे हॉटेल झाल्या. अशा ठिकाणी जाण्याआधी फोन करून विचारलेले बरे. कुलूपबंद घरे फाटकाबाहेरूनच पाहावीत. पडीक घरात शिरू नये. कुजलेले वासे कधीही खाली येऊ शकतात.

प्रश्न केवळ इमारतींचा आहे का?

नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. त्यामुळे रान टिकले आणि बंगल्यांचा निवांतपणाही. पण या निवांतपणाचा भार माणसांनी वाहिला. पालख्या, सामानाच्या डोकीवरच्या गाठोड्या आणि हातरिक्षा डोंगरावरच्या व पायथ्याच्या गावांतल्या कष्टकऱ्यांनी ओढल्या-उचलल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणूस ओढणे मानवी प्रतिष्ठेला धरून नसल्याचे सांगत सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा या ओढणाऱ्यांच्याच हाती याव्यात, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

जायचे कसे?

खालापूरकडून चौक-कर्जत रस्त्याने कर्जत, तेथून नेरळ आणि घाटाने दस्तुरी. पुढे बाजारपेठेपर्यंत पायी जाता येते किंवा अमन लॉजहून शटल गाडी मिळते. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते. बंगल्यांसाठी पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस चांगले. वाटेवरून घराचा व्हरांडा पाहून झाला, की मागच्या बाजूच्या त्या लहान खोल्यांकडेही नजर टाकावी. घर चालत होते ते तिथून.